चिंचोक्याचे दुधाचे दात

संक्रांत मागं पडली की परभणीच्या उन्हाला एक पिवळसर मऊपणा येतो. सकाळी अंगावर ओढलेली शाल दहाच्या सुमाराला नकोशी होते आणि सावलीत गेलं की पुन्हा हवीशी वाटते. आमच्या कॉलनीतून आता शेत दिसत नाही. तरी एखाद्या दुपारी कुठून तरी भाजलेल्या कणसांचा धूर येतो, हुरड्याचा, आणि मी हातातलं काम तसंच धरून बसते. वय नव्वदीला टेकलं आहे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. पण त्या धुरासरशी उजव्या करंगळीला बारीक काहीतरी टोचतं. दुखत नाही. नुसतं कळतं, की इथं एकदा दात लागले होते.

यंदा त्याला निमित्तही मिळालं. नातवानं कुत्र्याचं पिल्लू आणलं आहे. पांढरंशुभ्र, फुटल्या बोंडासारखं. दिसेल त्याची टाच धरतं, पदर ओढतं, बोटं चघळतं. परवा नातवानं त्याच्यावर चप्पल उगारली. मी म्हटलं, "मारू नको रे." तो वैतागून म्हणाला, "मग काय करू, आजी?" मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तो कामाला गेला. ती दोन वाक्यं शिकायला आमच्या घराला एक अख्खा हिवाळा लागला होता, हे सांगायचं राहूनच गेलं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आठ-दहा वर्षं आधीची. मी असेन नऊ वर्षांची. ताडकळसच्या अलीकडं दोन कोसांवर आमचं गाव. घर दोन खणांचं, पुढं पडवी, आणि पडवीत जमिनीत खड्डा करून बसवलेला घोंगड्या विणायचा माग. माय सूत कातायची, अण्णा विणायचे. सकाळी घरापुढच्या मोकळ्या जागेत लोकरीच्या उभ्या धाग्यांचा ताणा ताणलेला असायचा आणि चिंचोके शिजवून केलेली खळ माय कुंच्यानं त्याला चोळत पुढं सरकायची. आंबूस, ऊबदार असा तो वास. आमच्या कपड्यांना, भाकरीला, अंथरुणाला, सगळ्यालाच तो असायचा, म्हणून तो वास आहे हेच मला फार उशिरा, सासरी गेल्यावर कळलं.

त्या पावसाळ्यात अण्णांचे डोळे आले. गावात बऱ्याच जणांचे आले होते. बाकीच्यांचे बरे झाले. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं, बुबुळं पांढरी झाली. माय त्यांना बैलगाडीत घालून परभणीच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथले डॉक्टरसाहेब भले होते. त्यांनी खिडकीशी नेऊन नीट पाहिलं आणि मायला हळूच म्हणाले, "अब रोशनी नहीं आती, अम्मा." मायला उर्दू येत नव्हती. पण "रोशनी" तिला कळलं आणि "नहीं" कळलं.

तेव्हापासून माग थांबला. अण्णा पडवीतल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. खाली लोंबणारा एक हात तेवढा दिसायचा. त्याच हातानं माझ्या जन्माआधीपासून घोंगड्या विणल्या होत्या. आता त्याची बोटं जमिनीपासून वीतभर वर नुसती हलायची. माझा भाऊ मन्मथ तेव्हा चार महिन्यांचा होता. माय त्याला अण्णांच्या जवळ देत नसे. ती कधी तसं बोलली नाही. पण अण्णांनी हात पुढं केला की तिला नेमकं काहीतरी काम आठवायचं आणि ती लेकराला घेऊन आत जायची. अण्णांचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहायचा, मग खाली जायचा.

मार्गशीर्षात धुरपतमावशी आली. ती धनगराची. तिच्या मेंढ्यांची लोकर आमच्याकडं यायची, आणि त्या दिवसांत तिचा कळप खतासाठी गावच्या शेतांतून बसायला असायचा. तिच्या ओच्यात एक पिल्लू होतं. त्याच्या आईला लांडग्यानं धरलं होतं आणि वीतभरच्या त्या पोरांमधलं एवढं एकच वाचलं होतं.

"गिरजे, संभाळतीस का?" तिनं मला विचारलं. "मेंढरामागं फिरत मला हे जगवायचं न्हाई."

मी मायकडं पाहिलंच नाही, म्हणजे तिला नाही म्हणता येणार नव्हतं. पिल्लू घेतलं. तपकिरी काळं, घासून पुसल्यासारखं चकचकीत. मी त्याचं नाव चिंचोका ठेवलं. शेळीच्या दुधात कापडाची वात बुडवून मी ती त्याच्या तोंडात द्यायची. ते डोळे मिटून चोखायचं आणि पंजानं माझं मनगट दाबत राहायचं. ते दिवस मला अजून अर्धवट झोपेतल्यासारखे आठवतात. कोवळं ऊन, मांडीवर ऊब, आणि आत माय मन्मथला पाजत असताना गुणगुणायची, तो आवाज.

मग त्याला दात आले.

तिळाएवढे असतील, पण सुईसारखे. पौष सुरू झाला तसा चिंचोका सगळ्या घराला चावत सुटला. मायच्या नेसूचे काठ, माझी वेणी, सुताच्या गुंड्या, मागाच्या दोऱ्या. मी पळाले की ते मागं पळायचं आणि पोटरीला धरायचं. मी ओरडत हात मागं ओढला की त्याला वाटायचं खेळ रंगात आला; ते दुप्पट जोरानं धरायचं. पण सगळ्यात जास्त ओढ त्याला अण्णांच्या त्या लोंबत्या हाताची. खाटेखाली दबा धरून बसायचं आणि बोटांवर झेप घ्यायचं. अण्णांना ते येताना दिसायचं नाही. अचानक दात घुसायचे. ते दचकून हात झाडायचे, पिल्लू भिंतीवर आदळायचं, आणि पुन्हा यायचं.

मायनं त्याला खराट्यानं मारलं. तोंड मुठीत गच्च दाबून धरलं. गुंड्यांना तिखट चोळलं. त्यानं एवढंच झालं, की चिंचोका हात दिसताच गुरगुरायला लागला. आधी हात म्हणजे खेळ होता, आता हात म्हणजे मार झाला. मी भाकर घेऊन गेले तरी ते अंग चोरायचं आणि भाकर घेता घेता माझी करंगळी धरायचं. रक्त आलं तो दिवस मला आठवतो. मी परकराच्या घोळात हात लपवला होता. तरी मायला दिसलं.

"बास झालं," माय म्हणाली. "लेकरू आता रांगायलंय. उद्या त्याच्या तोंडाला धरलं म्हंजे? शिवरात्रीला धुरपताचा कळप गोदावरीकडं जाईल. तिच्यासंगं देऊन टाकायचं ह्याला."

खाटेवरच्या अण्णांच्या तर्जनीला तेव्हा चिंधी बांधलेली होती.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी धुरपतमावशी लोकर घेऊन आली. मायनं तिला पडवीत बसवलं आणि तक्रार मांडली. मावशीनं चिंचोक्याला मानेला धरून उचललं, त्याचा ओठ वर करून दात पाहिले आणि खाली सोडलं.

"ह्याचा कसूर न्हाई," ती म्हणाली. "भावंडं असती तर त्यांनीच शिकवलं असतं. कुत्र्याची पोरं दिवसभर एकमेकाला चावत्यात. एकानं जोरात धरलं की दुसरं केकाटतं आन् खेळ मोडून निघून जातं. मग ह्याला कळतं, एवढं जोरात धरायचं न्हाई. आई बी तसंच करती. दूध पिताना दात लागला की उठून जाती. ह्याला कोण हाय सांगायला? तुमी मारताव, ते त्याला कुत्र्याच्या भाषेत कळत न्हाई."

"मग आता आमी केकाटावं का?" माय चिडून म्हणाली. मावशी हसली. लोकरीचं ओझं उतरवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात सूत गुंडाळत होते. पडवीतून एकदम आवाज आला, "क्यांऽव!" बारीक, चिरका, अगदी पिल्लाचा. मला वाटलं चिंचोक्याला काहीतरी लागलं. धावत गेले तर चिंचोका पडवीच्या मधोमध कान टवकारून थिजल्यासारखा उभा, आणि खाटेवर अण्णा डोक्यावरून घोंगडी ओढून भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी घाबरले. "अण्णा?" घोंगडीच्या आतून आवाज आला, "बोलू नको. त्याला कळू दे, खेळ मोडला म्हणून."

थोड्या वेळानं त्यांनी घोंगडी काढली आणि हात पुन्हा खाली सोडला. चिंचोका आला. वास घेतला. बोट तोंडात धरलं. हळू होतं तोवर अण्णा गप्प राहिले. जोर वाढला तसं पुन्हा "क्यांऽव!", हात सैल सोडलेला, आणि घोंगडी डोक्यावर.

आत माय भाकरी थापत होती. ती पिठाचे हात घेऊन दारात आली. आमचे अण्णा गावात मोजकं बोलणारे म्हणून ओळखले जायचे. सोमवारचा उपास, गळ्यात लिंग, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो माणूस कुत्र्याच्या पोरासारखा केकाटत होता. मायचा चेहरा आधी घाबरला, मग रडवेला झाला, आणि मग ती तोंडावर पिठाचा हात ठेवून हसायला लागली. मी हसले. घोंगडीखाली अण्णाही हसत होते. खाट हलत होती. चार-पाच महिन्यांत त्या घरात कुणी हसलेलं मला आठवत नव्हतं.

मग तेच काम झालं. अण्णा आता भिंतीकडं तोंड करून पडेनात. दिवसभर खाटेवर उठून बसायचे, खाली हात सोडून. मला हाक मारायचे, "गिरजे, हिकडं ये. तुला चावलं की हात ओढायचा न्हाई. ओढला की त्याला पळता ससा वाटतो. मेल्यागत ठेवायचा, केकाटायचं आन् निघून जायचं." घरातल्या सगळ्यांनी सारखंच करायचं, असा त्यांचा हुकूम होता. एकानं केकाटायचं आणि दुसऱ्यानं मारायचं, असं झालं तर पिल्लू गोंधळेल. माय म्हणायची, "मी न्हाई कुत्र्यागत आवाज काढणार." एकदा चुलीपाशी तिची टाच धरली गेली आणि तिच्या तोंडून आपसूक "क्यांव" निघालं. अण्णा पडवीतून म्हणाले, "ब्येस! पर जरा बारीक आवाजात."

त्यांना गोष्टी कळायच्या, ज्या आम्हा डोळसांना कळत नव्हत्या. म्हणायचे, ते तिन्हीसांजेला लय चावतं, कारण तेव्हा ते दमलेलं असतं. मन्मथ झोपेला आल्यावर किरकिरतो तसं. तेव्हा त्याच्याशी खेळायचं नाही, पोत्यावर नेऊन निजवायचं. म्हणायचे, त्याच्या हिरड्या शिवशिवतात. मला सांगून त्यांनी टाकाऊ लोकरीची जाड वेणी वळून घेतली. ती वेणी माठाखालच्या गार पाण्यात भिजवून ते चिंचोक्याच्या तोंडात द्यायचे. बोट धरलं की बोट काढून घ्यायचे आणि वेणी पुढं करायचे. बोट नाही, वेणी. दिवसातून शंभरदा असेल. मी कंटाळून जायची, ते कंटाळत नव्हते.

एका दुपारी मी विचारलं, "अण्णा, तुमाला राग येत न्हाई का त्याचा?"

त्यांची बोटं चिंचोक्याच्या तोंडात होती. "त्याला हात न्हाईत, गिरजे," म्हणाले. "काय हाय, कसं हाय, मऊ हाय का कडक, ते त्यो तोंडानं चाचपायलाय. मी बी दिवसभर तेच करतोय की. मी परवा तुझ्या मायचा तोंडावळा चाचपायला गेलो, तर नखच लागलं तिला. शिकतोय मी बी."

मायच्या गालावरचा तो ओरखडा मी पाहिला होता. विचारायचं धाडस झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांनी मला हाक मारून तळवा पुढं केला. मधोमध एक पांढरी कणी होती, तांदळाच्या तुकड्याएवढी. चिंचोक्याचा दुधाचा दात. वेणी चघळताना पडला होता. अण्णांनी तो दोन बोटांत धरून टोक तपासलं. "एवढंसं हाय," म्हणाले, आणि कितीतरी वेळ तसेच बसले. बाहेर ज्वारीची कणसं भरली होती, पाखरं हाकणाऱ्यांचे हाकारे लांबून येत होते. अण्णांच्या चेहऱ्यावर ऊन होतं. मला तो सगळा ऋतू आता त्या एका उन्हाच्या तुकड्याएवढाच वाटतो.

पण शिवरात्र जवळ आली होती आणि मायचा निर्णय बदलला नव्हता. चिंचोका आता हळू धरतो, हे तिला दिसत होतं. तरी ती म्हणायची, "मोठ्या माणसाला हळू धरतो. लेकराचं अंग लोण्यासारखं. तिथं एकदा चुकलं तर?" हे म्हणताना ती चिंचोक्याकडं पाहायची खरी, पण मला वाटायचं ती आणखी कुणाबद्दल तरी बोलते आहे.

शिवरात्रीच्या आधीचा ताडकळसचा बाजार. मायला उरलेल्या दोन घोंगड्या आणि सूत घेऊन जायचं होतं. तिनं मला दहा वेळा बजावलं. मन्मथला खाली सोडायचं नाही. चिंचोका मागाच्या खुंटीला बांधलेला राहील. आणि मी, काहीही झालं तरी, घर सोडायचं नाही. "अण्णांच्या जिम्म्यावर लेकरू टाकून कुठं जाशील तर बघ," असं ती अण्णांना ऐकू जाईल इतक्या जवळ उभी राहून म्हणाली.

दुपारी मन्मथ झोळीत झोपला. मागच्या शेतात शेजारच्यांनी हुरड्याची आगटी पेटवली. तो धूर सरळ आमच्या पडवीत यायचा. मी थोडा वेळ दम धरला. मग अण्णांना म्हणाले, "आत्ता येते," आणि ते काही बोलायच्या आत पळाले. गरम राखेतली कणसं, हातावर चोळून काढलेले हिरवे दाणे, तिळाची चटणी. किती वेळ गेला ते मला कधीच सांगता आलं नाही.

परत आले तेव्हा घरातून काही आवाज येत नव्हता. रडण्याचाही नाही. मी उंबऱ्यावर थांबले.

झोळी रिकामी होती. खुंटीची दोरी तुटलेली, टोक चघळून ओलं. जमिनीवर अंथरलेल्या घोंगडीवर मन्मथ बसला होता आणि त्याचा उजवा हात मनगटापर्यंत चिंचोक्याच्या तोंडात होता. त्यांच्याजवळ अण्णा गुडघ्यांवर बसले होते. एक हात लेकराच्या पाठीवर. दुसऱ्या हातानं ते अंदाज घेत मन्मथच्या खांद्यावरून, दंडावरून खाली येत होते.

माझ्या तोंडून आवाज निघणार, एवढ्यात अण्णा हळू म्हणाले, "गिरजे, हायस तिथंच थांब. वरडू नको. कुणी वढाताण करायची न्हाई."

त्यांचा हात मनगटापाशी पोचला. चिंचोक्याच्या ओठाला लागला. त्यांनी एक बोट बाजूनं आत सरकवलं, दात आणि कोवळी मूठ यांच्या मध्ये, आणि थांबले. मन्मथ मात्र हसत होता. त्यानं आत मूठ उघडली असावी, चिंचोक्याची जीभ धरली असावी. कारण चिंचोक्यानं डोळे मिचकावले, मान जरा तिरपी केली आणि तोंड आणखी मोठं उघडलं. मन्मथचा हात लाळेनं थबथबून बाहेर आला. चिंचोका दोन पावलं मागं सरकून बसला.

अण्णांनी लेकराला मांडीवर घेतलं. एकेक बोट चाचपलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, दोन-दोनदा. मग ते माझ्याकडं वळले. "रगत हाय का बघ."

मी हात पाहिला. उलटा केला. उजेडात धरला. "न्हाई, अण्णा."

"ओरखडा?"

"न्हाई. नुसती लाळ हाय."

त्यांनी मान हलवली आणि मन्मथच्या टाळूवर हनुवटी टेकली. मी जवळ गेले तर म्हणाले, "हे झोळीत उठून रडायलं. तुला हाक मारली. तू नव्हतीस. मग मीच काढलं." पुन्हा म्हणाले, "मी काढलं त्याला, गिरजे. पडलं न्हाई."

माय दिवस कलता आली. तिनं आधी तुटकी दोरी पाहिली, मग अण्णांच्या मांडीवर झोपलेला मन्मथ, मग माझ्या हातांवरची राखेची काजळी.

"कुठं गेल्तीस?"

माझ्याआधी अण्णा बोलले. "मीच धाडली तिला हुरडा खायाला. आमी तिघं हुतो की घरी."

त्यांनी मला वाचवायला थाप मारली होती. पण त्या थापेत खरं जे होतं ते मायनं बरोबर ओळखलं. मग येऊन तिनं मन्मथला उचलायला हात पुढं केले, आणि मागं घेतले. "झोपू द्या," म्हणाली. "उठवू नका." आणि आत चुलीकडं गेली.

आज नव्वदीला टेकल्यावर मला त्या दुपारची जेवढी भीती वाटते तेवढी तेव्हा वाटली नव्हती. चिंचोक्याचं एकदा चुकलं असतं तर? अण्णांच्या हातून लेकरू सुटलं असतं तर? आजही कुणी मला विचारलं तर मी सांगेन, रांगतं मूल आणि पिल्लू यांना नजरेआड करू नका. माझ्या एका मूठ हुरड्याची किंमत काय झाली असती, ते अजून कधी कधी माझ्या छातीत येऊन बसतं.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी धुरपतमावशी चिंचोक्याला न्यायला आली. तिची माणसं कळप घेऊन रस्त्याला लागली होती. माय तिच्यापुढं भाकरीची चवड बांधून ठेवत म्हणाली, "राहू दे त्याला हितंच. ह्यांचा जीव रमतो." मावशीनं जाताना चिंचोक्यापुढं हात धरला; त्यानं तो नुसता चाटला.

पुढच्या बाजारच्या दिवशी माय पहाटेच उठली. मन्मथला पाजलं, खाटेवर अण्णांच्या शेजारी निजवलं, पाण्याचा तांब्या आणि दुधाची वाटी अण्णांच्या हाताला लागतील अशा ठेवल्या. मी रोजच्यासारखी उंबऱ्यावर बसले होते. मायनं सुताचं गाठोडं उचललं आणि माझ्याकडं पाहिलं.

"चल, ऊठ. माझ्यासंगं चल बाजाराला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आन् मन्मथ?"

"त्याचे अण्णा हायत की," माय म्हणाली.

आम्ही निघालो. धुकं होतं. कापलेल्या ज्वारीच्या पेंढ्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या आणि पायाखालची माती गार होती. माय भराभर चालत होती, मान सरळ ठेवून, मागं न पाहता. गावाबाहेरच्या ओढ्यापाशी वाट डावीकडं वळते. तिथून आमचं घर शेवटचं दिसतं. मला राहवलं नाही, मी वळून पाहिलं. अण्णा मन्मथला खांद्यावर घेऊन अंगणात उभे होते. आमची वाट डावीकडं गेली होती आणि ते तोंड उजवीकडं करून, जिथं आम्ही नव्हतो तिथं बघत, हात हलवत होते.

"माय," मी म्हणाले, "अण्णा हात करायलेत."

माय थांबली. डोक्यावरचं गाठोडं तिनं एका हातानं सावरलं, मागं वळली, आणि दुसरा हात जेवढा वर जाईल तेवढा वर करून, किती तरी वेळ, हलवत राहिली.